पदवी हाती येण्यापूर्वी
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेचा हीरक महोत्सव साजरा होत असताना, येथे मुळाक्षरे गिरवलेली मुले पुढे कोठे पोहोचली, हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. अशा वेळी डॉक्टर, अभियंते, अधिकारी यांची नावे अभिमानाने घेतली जातात. एक वर्ग मात्र त्या यादीत राहून जातो. तो म्हणजे पदव्युत्तर वर्गात शिकणारा किंवा पीएच.डी.साठी नोंदणी केलेला, पंचविशी ओलांडलेला विद्यार्थी. घरी त्याला ‘अजून शिकतोच आहेस का?’ असे विचारतात. विद्यापीठाच्या दृष्टीने तो विद्यार्थी असतो, तर मुलाखत घेणाऱ्यांच्या दृष्टीने अननुभवी. आपली खरी तयारी कोणती आणि ती केव्हा सुरू करायची, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. आजचे विवेचन त्याच्यासाठी आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी रायपूरकरांना दूर जावे लागत नाही. पं. माधवराव सप्रे यांचा जन्म 19 जून 1871 रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे, मराठी घरात झाला. त्यांचे माध्यमिक शिक्षण रायपुरात झाले. पुढे उच्च शिक्षणासाठी त्यांना गावोगाव फिरावे लागले आणि 1899 साली कलकत्ता विद्यापीठाची बी.ए. पदवी त्यांच्या हाती आली. त्या काळच्या पदवीधरापुढे सरकारी नोकरीची वाट उघडी असे. सप्रे त्या वाटेने गेले नाहीत. पेंड्रा येथील राजकुमारांचे शिक्षक म्हणून काम करीत असतानाच जानेवारी 1900 मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर त्यांचे सहसंपादक होते आणि वामन बळीराम लाखे प्रकाशनाची बाजू सांभाळीत होते. आर्थिक ओढाताणीमुळे तीन वर्षांत मासिक बंद पडले. व्यवहाराच्या हिशेबाने हे अपयशच ठरते.

त्या तीन वर्षांत सप्रे जे शिकले, ते मात्र वाया गेले नाही. ग्रंथाचे परीक्षण कसे करावे, कठीण विषय सामान्य वाचकाला कसा सांगावा, मुदतीत मजकूर कसा द्यावा, हे त्यांनी प्रत्यक्ष कामातून आत्मसात केले. म्हणूनच काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने हिंदी वैज्ञानिक कोशाचे काम हाती घेतले, तेव्हा अर्थशास्त्राच्या परिभाषेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. 1907 साली नागपुरात त्यांनी ‘हिंदी केसरी’ काढला. पुढच्याच वर्षी त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. माफीपत्रावर सुटका झाली खरी, पण त्याची बोच त्यांच्या मनाला लागून राहिली. काही काळ ते सार्वजनिक जीवनापासून दूर राहिले आणि समर्थांच्या वाङ्मयाकडे वळले. त्यानंतर ‘दासबोध’, लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आणि चिंतामणराव वैद्यांचा महाभारतविषयक ग्रंथ त्यांनी हिंदीत आणला. 1924 साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. ज्या मराठीमुळे ते या प्रांतात परभाषक ठरू शकले असते, त्याच मराठीच्या बळावर त्यांनी हिंदीला हे ग्रंथ दिले. मराठी शाळेतून निघून हिंदी प्रदेशात इंग्रजी ग्रंथ वाचणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. तीन भाषांची ये-जा हे त्याचे ओझे नसून भांडवल आहे.

आता वर्तमानाकडे वळू. सप्रे यांच्या काळी रायपुरात महाविद्यालय नव्हते. छत्तीसगढ महाविद्यालय 1938 साली निघाले. पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठ 1964 साली, तर इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ 1987 साली स्थापन झाले. पुढे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, विधी विद्यापीठ, व्यवस्थापन संस्था आणि एम्स अशी भर पडत गेली. प्रवेशासाठी कलकत्त्याकडे पाहण्याची वेळ आज येत नाही. आजची अडचण वेगळी आहे. दारे पुष्कळ झाली, परंतु प्रत्येक दाराची किल्ली निराळी आहे आणि ती वेळेत घडवावी लागते.

अध्यापनाच्या वाटेवरची पहिली किल्ली म्हणजे नेट परीक्षा. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षातही ती देता येते, हे अनेकांना उशिरा कळते. पहिली प्रश्नपत्रिका 50 प्रश्नांची व 100 गुणांची, दुसरी 100 प्रश्नांची व 200 गुणांची असते आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. भाषाविषय वगळता प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजीत असतात. जून 2024 पासून या परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. त्यात परीक्षेला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार असतो. अधिछात्रवृत्ती मिळाल्यास 1 जानेवारी 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा 37 हजार आणि पुढे 42 हजार रुपये मिळतात. सामान्य घरातील मुलामुलींना संशोधन परवडते ते बहुधा याच आधारावर. राज्याची सेट परीक्षा हा दुसरा मार्ग आहे. तिची पात्रता मात्र त्या राज्यापुरती असते.

परीक्षा उत्तीर्ण होणे ही तयारीची सुरुवात होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान तीन व कमाल सहा वर्षांचा आहे. या काळात आपल्या विषयाच्या अध्यापनाचे व लेखनाचे प्रशिक्षण प्रत्येक संशोधकाला घ्यावे लागते आणि त्याला आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन-साहाय्याचे काम देता येते. पुष्कळ ठिकाणी ही बाब कागदावर उरकली जाते. विद्यार्थ्याने ती उरकू देऊ नये. बी.ए.च्या वर्गावर घेतलेले दहा तास शोधप्रबंधातील कच्चे दुवे उघडे पाडतात, कारण समोरच्या मुलाला जे समजावता येत नाही ते बहुधा स्वतःलाच पुरते समजलेले नसते. याच नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधलेख छापण्याची सक्ती काढून टाकली. त्यामुळे पैसे घेऊन आठवडाभरात लेख छापणाऱ्या नियतकालिकांच्या मागे लागण्याचे कारण उरलेले नाही. त्यापेक्षा ‘शोधगंगा’ या संग्रहातील आपल्या विषयाचे पाच चांगले प्रबंध सावकाश वाचावेत आणि एकच लेख तीनदा पुन्हा लिहावा. लाभ त्यात अधिक आहे.

तिसरी गोष्ट नोंदींची. सत्तरच्या दशकात डॉ. रा. ह. रिछारिया यांनी छत्तीसगढच्या गावागावांतून भाताचे हजारो वाण गोळा केले. आज कृषी विद्यापीठाच्या संग्रहात 23 हजारांहून अधिक नमुने आहेत. असा संग्रह उभा राहतो तो रोजच्या शिस्तबद्ध नोंदीमुळे आणि शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलण्याच्या तयारीमुळे. इतिहासाचा अभ्यासक असो वा रसायनाचा, रोज काय केले, काय फसले आणि का फसले, याची दिनांकासह वही त्याच्याजवळ असावी. मुलाखतीत ‘तुम्हाला काय येते?’ या प्रश्नाला पदव्यांची यादी हे उत्तर होत नाही. खरे उत्तर त्या वहीत सापडते.

एक कटू सत्य येथे सांगणे आवश्यक आहे. पीएच.डी. झालेल्या प्रत्येकाला प्राध्यापकपद मिळत नाही. ही गोष्ट प्रबंध पूर्ण झाल्यावर कळली तर ती आघात ठरते. पहिल्याच वर्षी मान्य केली तर तिच्यातून दिशा मिळते. वामनराव लाखे यांनी वकिली केली, पण त्यांचे नाव टिकले ते सहकारामुळे. 1913 साली रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. कायद्याचे ज्ञान त्यांनी शेतकऱ्याच्या कर्जाच्या प्रश्नाला लावले. त्याचप्रमाणे आजचा संशोधक अभिलेखागारात, संग्रहालयात, अनुवादात, प्रकाशनात, कृषी विस्तारात, प्रयोगशाळेत किंवा सहकारी संस्थेत उपयोगी पडू शकतो. मात्र त्यासाठी दर सुट्टीत एखाद्या अशा ठिकाणी जाऊन काम पाहावे लागते आणि तेथील चार माणसांशी ओळख ठेवावी लागते. मार्गदर्शकाला विचारण्यात कमीपणा नाही. चांगला मार्गदर्शक अशा प्रश्नाने सुखावतोच.

शाळेचेही यात काम आहे. ज्या मुलाला येथे शुद्ध लिहिण्याची, ऐकलेले थोडक्यात सांगण्याची आणि सभेत उभे राहून बोलण्याची सवय लागली, त्याच्या पुढील तयारीचा पाया येथेच घातला गेला. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत यावे. नोकरी कशी मिळाली एवढेच न सांगता ती का मिळाली नव्हती, कोणता अर्ज फेटाळला गेला, कोणते वर्ष हातचे गेले, हेही मोकळेपणाने सांगावे. ‘छत्तीसगढ मित्र’ बंद पडला तेव्हा सप्रे बत्तिशीच्या आतच होते आणि त्यांची मोठी कामे पुढे व्हायची होती. पंचविशीत थांबून राहिल्यासारखे वाटणाऱ्या तरुणाला हे वेळीच कळले, तर हीरक महोत्सवाचा खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.