पाऊस नसताना गळणारं छत

आज सरगूरहून बोलतोय. म्हैसूर जिल्ह्यातलं हे गाव. जवळच कबिनी आणि नुगू ही दोन धरणं, पलीकडे वायनाडचे डोंगर. हवेत ओल भरपूर. अशा भागात शेतघरासाठी पफ पॅनेल सोयीचं वाटतं : दोन बाजूंना पत्रा, मधे फोम, आणि घर झटपट उभं.

पण समजा डिसेंबर आहे, आठवडाभर पाऊस नाही, तरी पहाटे माथ्याजवळून थेंब पडतायत. माणूस पहिल्यांदा काय करतो? छपरावर चढून डांबर फासतो. थेंब मात्र थांबत नाहीत. कारण ते पाणी बाहेरचं नाहीच, ते घरातलं आहे.

हिशेब बघा. 25 अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 23 ग्रॅम वाफ मावते. 10 अंशांना जेमतेम साडेनऊ. स्वयंपाक, आंघोळ, आपला श्वास यांची वाफ गरम हवेबरोबर वर जाते. रात्री निरभ्र आकाशाखाली वरचा पत्रा गार पडलेला असतो. सांध्यातून ती हवा त्याला भिडली की दव पडतं, गवतावर पडतं तसंच.

पत्र्यातून वाफ जात नाही. म्हणजे भिंत मजबूत, कच्ची बाजू फक्त सांध्याची. फौजेच्या भाषेत सांगायचं तर शत्रू तटावरून नाही, दिंडीतून येतो. अलास्कातल्या जुनो शहरात लाकडी पाट्यांच्या पॅनेलची छपरं माथ्याच्या सांध्यांपाशी कुजली, तीही अशीच, आतली दमट हवा सांध्यात शिरून.

म्हणून नियम एकच : सांधा उबदार, दमट बाजूने बंद करा. राहत्या घरात ती बाजू आतली. बाहेरचा माथ्याचा पत्रा पावसासाठी हवाच, पण आतल्या हवेला तो अडवत नाही. तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये उलटं. तिथे गारवा आत, दमट हवा बाहेर, म्हणून बाहेरचा सांधा आधी. तो उघडा राहिला तर ओल फोममध्ये जाते, गारवा टिकत नाही आणि विजेचं बिल वाढतं.

काम करून घेताना चार गोष्टी स्वतः उभं राहून बघा. पॅनेल खाचेत बसवण्याआधी सांध्यात ब्युटाइल टेप किंवा सीलंटची सलग रेघ हवी, तुटक ठिपके नकोत. वायर आणि पाइपची भोकं फोमने भरून वरून सीलंट लावा. प्रत्येक बाहेरच्या स्क्रूला रबरी वॉशर हवा. आणि खालच्या चॅनेलमध्ये पाणी साचता कामा नये. पॅनेलची कड जोत्याच्या ओलीत बुडाली, तर पत्रा खालून गंजतो.

तपासणी फुकट आहे. रात्री आत दिवे लावा, बाहेरून फेरी मारा. उजेड दिसला तिथे फट. मग दारं-खिडक्या लावून एक्झॉस्ट पंखा चालू करा आणि सांध्यांजवळून उदबत्ती फिरवा. धूर हलला, तिथे खडूने खूण करा.

आणि एक. घर असं घट्ट केलं की वाफेला बाहेर जायला वाट द्यावीच लागते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरात पंखा लावा, त्याचं तोंड थेट बाहेर काढा, छताच्या पोकळीत नको.

कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता उदबत्तीची फेरी झाल्यावरच द्या. जय हिंद.