आधी पुसा, मग जोडा



मी फायबर जोडणारा माणूस. काचेच्या तंतूतली प्रकाशाची वाट जेमतेम 9 मायक्रॉनची, केसाहून कितीतरी बारीक. कनेक्टरच्या टोकावर धुळीचा एक कण बसला तरी सिग्नल पडतो. 3 डेसिबल घट म्हणजे निम्मा प्रकाश गेला. हिरव्या कनेक्टरचं टोक 8 अंश तिरकं असतं, निळ्याचं नसतं; ते एकमेकांना जोडले तर मध्ये फट राहते.

एकदा घाईत न पुसता जोडणी केली. एका दवाखान्याची लाइन रात्रभर बंद होती. तेव्हा पाटी पुसल्याशिवाय लिहू न देणाऱ्या आपल्या बाई आठवल्या.

दहावीनंतर एका मित्राशी मी बोललो नाही. तो आज समोर बसलाय. चूक माझी होती. मित्रा, जेवायला एकत्र बसू.