बिनमातीचा चारा : कर्जाआधी हिशेब
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)

खोलीत ट्रे लावून बिनमातीचा चारा करायला गटातून कर्ज घ्यावं का, असं बऱ्याच जणींनी विचारलं. म्हणून आज हिशेबच मांडते.

रीत सोपी आहे. स्वच्छ, अख्खा मका रात्रभर भिजवायचा, ओल्या गोणपाटात बांधून मोड आणायचे आणि भोकं पाडलेल्या ट्रेमध्ये पसरायचा. दिवसातून पाच-सहा वेळा पाणी शिंपडायचं. 8-10 दिवसांत वीतभर चारा तयार. औषध लावलेलं बियाणं मात्र वापरू नका, जनावराला विषबाधा होईल.

आता पैसे. 1 किलो मक्यापासून साधारण 6 किलो चारा होतो. मका 24 रुपये किलो धरला, तर चारा 4 रुपये किलो पडतो, मेहनत वेगळी. पण त्या 6 किलोत 5 किलोच्या वर पाणीच असतं. म्हणून कुटार, कडबा, ढेप बंद करून चालणार नाही.

मग उपयोग कुणाला? जिला शेत नाही, दोन शेळ्या आहेत आणि उन्हाळ्यात हिरवं मिळत नाही, तिला. पाणी शेतापेक्षा फार कमी लागतं. पण संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यातलं खारं पाणी चालणार नाही. बुरशी धरलेला ट्रे सरळ फेकून द्या.

महागडं यंत्र आत्ताच नको. सावलीत बांबूच्या मांडणीवर चार ट्रे लावा, महिनाभर खर्च अन् दूध वहीत लिहा. पुढच्या सभेला ती वही आणा, मग कर्जाचं ठरवू.