फोल्डर की सर्च? मराठी फाइल शोधायची तरी कशी

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे.)

मी अल्लीपूरहून बोलतोय. अल्लीपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं, हिंगणघाट तालुक्यातलं गाव. बीटेक झाल्यापासून सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि सध्या काम घरूनच चालतं. मागून पंख्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या. पंखा बंद करून बोलणं आमच्या विदर्भात शक्य नाही.

आजचा विषय दिसायला साधा आहे. कॉम्प्युटरवर ठेवलेली फाइल शोधायची कशी? एकामागून एक फोल्डर उघडत जायचं, की सर्चच्या चौकटीत नाव टाकून एंटर मारायचं? आमच्या टीममध्ये यावर दोन तट आहेत आणि दोघंही हटत नाहीत. माझं मत असं की हा वाद मराठीत आला की त्याचं उत्तर बदलतं. ते कसं, तेच आज सांगतो.

आधी सर्चवाल्यांची बाजू ऐकू. माझा एक पुण्याचा सहकारी आहे, त्याच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये काही हजार फाइली आहेत. एकही फोल्डर नाही. तो म्हणतो, "फोल्डर म्हणजे कागदाच्या जमान्याची सवय. एक कागद एकाच कपाटात राहू शकतो, फाइलला ते बंधन कशाला? बँकेच्या कर्जाची पावती 'बँक'मध्ये टाकू की 'घर'मध्ये, हा विचार करण्यात वेळ का घालवू? नाव टाकतो, सापडते." मुद्दा खोटा नाही. 2004 मध्ये गूगलने डेस्कटॉपवर शोधण्याचं वेगळं सॉफ्टवेअर काढलं, 2005 मध्ये ॲपलने मॅकमध्ये स्पॉटलाइट आणलं. त्याच काळात मायक्रोसॉफ्टचं विनएफएस नावाचं मोठं काम चालू होतं. फाइली डेटाबेसमध्ये ठेवायच्या आणि हव्या त्या गुणावरून शोधायच्या, अशी ती कल्पना. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं होतं की फोल्डरचे दिवस भरले.

झालं काय? विनएफएस 2006 मध्ये गुंडाळलं. गूगलचं डेस्कटॉप सर्च 2011 मध्ये बंद झालं. स्पॉटलाइट आहे, विंडोजचं सर्चही आहे, पण फोल्डर जागचे हलले नाहीत.

यावर अभ्यास झालेला आहे. टॉमस मेलोन या संशोधकाने 1983 मध्येच लोक टेबलावरचे कागद कसे ठेवतात ते पाहिलं होतं. काही लोक नीट फाइल लावतात, काही नुसते ढीग करतात. गंमत म्हणजे ढिगाचाही उपयोग असतो, समोर दिसणारा कागद काम राहिल्याची आठवण करून देतो. तुमच्या डेस्कटॉपवर पसरलेले आयकॉन म्हणजे तोच ढीग. पुढे ऑफर बर्गमन आणि स्टीव्ह व्हिटेकर यांनी त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर वैयक्तिक फाइलींवर बरंच काम केलं. 2008 च्या त्यांच्या निबंधात असं दिसलं की सर्च इंजिन सुधारलं तरी लोक फोल्डरमधूनच जातात, आणि सर्चकडे मुख्यतः फाइल कुठे ठेवली ते विसरल्यावर वळतात. 2015 मध्ये मेंदूच्या स्कॅनिंगवरचा एक निबंध आला. फोल्डरमधून फाइलपर्यंत जाताना, खऱ्या जगात वाट शोधताना वापरले जातात तेच मेंदूचे भाग कामाला लागतात, असं त्यात आढळलं. सर्चमध्ये मात्र भाषेचे भाग जास्त वापरले जातात.

म्हणजे फोल्डर ही वाट आहे आणि सर्च हा शब्द आहे. वाट पायाला माहीत असते. शब्द मात्र आठवावा लागतो, आणि नुसता आठवून भागत नाही, ज्याने फाइल ठेवली त्याने लिहिला होता अगदी तसाच लिहावा लागतो. आता हे मराठीत करून पाहा.

आमच्याकडे दाखले काढून देणारी, ऑनलाइन अर्ज भरून देणारी केंद्रं असतात, तशी तुमच्याही गावात असतील. अशाच एका केंद्रावर मी सुट्टीच्या दिवशी अधूनमधून बसतो, कॉम्प्युटर अडला तर बघून देतो. चालवणारे काका पन्नाशीचे. त्यांच्या डी ड्राइव्हमध्ये आधी वर्ष, मग गाव, मग आडनाव, असे फोल्डर. मी एकदा म्हटलं, "काका, वर सर्च आहे ना, तिथे नाव टाका." ते म्हणाले, "कायले टाकू बाप्पा? मले मालूम हाये ते कुठी हाये." आणि खरंच, माझं बोलणं संपायच्या आत फाइल प्रिंटरला गेली होती.

आता त्याच मशीनवर सर्च का चालत नव्हतं, ते बघा. कारणं चार आहेत आणि चारही आपल्या ओळखीची आहेत.

पहिलं कारण डी ड्राइव्ह. आपल्याकडे मशीन बिघडली की पहिला उपाय ठरलेला, "विंडोज मारून देतो." त्यात सी ड्राइव्ह साफ होतो. म्हणून सगळे शहाणे लोक कामाचं सगळं डी मध्ये ठेवतात. पण विंडोजचं सर्च जी अनुक्रमणिका आधीच बनवून ठेवतं, ती मुळात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरलेल्या जागांची. डी ड्राइव्ह त्यात आपोआप येत नाही. तिथे शोधायला सांगितलं की ते बिचारं एकेक फोल्डर चाळत बसतं, वरची हिरवी पट्टी सरकत राहते आणि रांगेतला माणूस घड्याळ बघतो.

दुसरं कारण स्कॅन. दाखला, मार्कशीट, आधार, सगळं स्कॅनरमधून येतं. पीडीएफ असली तरी आत फोटोच असतो, त्यात यंत्राला वाचता येईल असं एक अक्षर नसतं. फाइलचं नाव काय, तर स्कॅन आणि पुढे आकडा. व्हॉट्सॲपवरून आली तर तारीख आणि पुढे आकडा. शोधणार काय, कपाळ?

तिसरं कारण जुने फॉन्ट. आमच्या भागात डीटीपीवाल्यांकडे कृतिदेव आणि श्रीलिपी वर्षानुवर्षं चालले, अजूनही चालतात. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द लिहिला की पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलमध्ये साठवलेलं असतं ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच, ही इंग्रजी अक्षरं. फॉन्ट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. तुम्ही युनिकोडमध्ये 'मराठी' असं शोधलंत तर ते सापडणार कसं? यंत्राच्या लेखी तो शब्द त्या फाइलमध्ये नाहीच. ग्रामपंचायतीचे ठराव, शाळांचे अहवाल, पतसंस्थांची इतिवृत्तं असा किती मजकूर या मुखवट्याआड पडून असेल, विचार करा.

चौथं कारण मला सगळ्यात जास्त छळतं, कारण ते युनिकोड आल्यावरही गेलं नाही. 'शेतकऱ्यांची यादी' असं फाइलचं नाव आहे समजा. यातला 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला वेगळा 'ऱ' वापरतात. दुसऱ्यात साधा 'र', हलंत, मग न दिसणारं एक जोडचिन्ह आणि पुढे 'य'. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या साध्या शोधात हे दोन वेगळे शब्द आहेत. 'ॲप'मधल्या 'ॲ'चं तसंच, त्याचं स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये 2008 मध्ये आलं, त्याआधीचे लोक 'अ'वर चंद्र देत होते आणि काही कीबोर्ड अजून देतात. मराठी २ आणि इंग्रजी 2 यांचे कोडही वेगळे. आणि नाव रोमन लिपीत लिहिलं असेल तर विचारूच नका. 'वाघमारे' लिहिताना पहिल्या 'वा'ला कोणी डबल ए देतो, कोणी सिंगल, कोणी सुरुवात व्हीने करतो, कोणी डब्ल्यूने. 'दाखला' शब्दाची तीच गत.

शोधणाऱ्याला पडद्यावर काय दिसतं? "काही सापडलं नाही." एवढंच. सर्च असं म्हणत नाही की मला तुझं स्पेलिंग कळलं नाही. माणूस समजतो फाइलच नाही. मग त्याला परत सांगितलं जातं, मूळ कागद घेऊन या. प्रवेशाची शेवटची तारीख असते, नाहीतर पीकविम्याची गर्दी असते. मूळ कागद शेजारच्या गावी घरी असतो. एसटीने जाणं-येणं, म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. आणि फाइल त्याच डी ड्राइव्हमध्ये असते. सर्च चांगलं की फोल्डर, हा आमच्यासाठी चहावरचा वाद असतो, पण त्याचा खर्च रांगेतला माणूस देतो.

मग फोल्डरवाले जिंकले का? नाही. आता त्यांचीही उलटतपासणी करू.

काकांची वाट काकांच्या पायाला माहीत आहे. एकदा ते आठवडाभर दवाखान्यात होते. केंद्रावर त्यांचा भाचा बसला. त्याला कळेना की मुलीचा दाखला सासरच्या गावात टाकलाय की माहेरच्या, वर्ष अर्जाचं धरायचं की दाखला मिळाल्याचं. फोल्डर म्हणजे एका माणसाची आठवण आहे, आणि आठवणीची चावी दुसऱ्याला देता येत नाही. शिवाय फोल्डरात फोल्डर घालत गेलं की विंडोजची जुनी मर्यादा आडवी येते. पूर्ण पत्ता 260 अक्षरांच्या पुढे गेला की बरीच सॉफ्टवेअर अडतात, पेनड्राइव्हवर कॉपी करताना मधेच एरर येतो. 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर 2', 'फायनल', 'फायनल नवीन' हे तर सगळ्यांच्याच घरी आहे.

मला याचं उत्तर सापडलं ते कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, पटवाऱ्याच्या दप्तरात. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आमच्याकडे तोंडात पटवारीच. सातबारा सगळ्यांना माहीत आहे. गाव नमुना 7 म्हणजे जमिनीवरच्या हक्काची नोंद, गाव नमुना 12 म्हणजे पिकांची. हा सातबारा लागतो जमिनीप्रमाणे, म्हणजे गट क्रमांकाने. जागा माहीत असेल तर सरळ तिथे जा. हा झाला फोल्डर. पण माणूस येऊन म्हणाला की माझ्या नावावर कुठेकुठे किती जमीन आहे, तर? त्यासाठी आठ-अ आहे. तो खातेदारानुसार लागतो. एका माणसाच्या खात्यावरचे गावातले सगळे गट एका ठिकाणी. ही झाली अनुक्रमणिका, म्हणजेच सर्च. जमीन तीच, तिच्यापर्यंत जायच्या वाटा दोन. ज्यांनी हे नमुने ठरवले त्यांनी कॉम्प्युटर पाहिला नव्हता, पण एका वाटेने भागत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

महाभूलेखच्या साइटवरही हेच आहे. आधी जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा. वर्धा, हिंगणघाट, अल्लीपूर. तीन पायऱ्या फोल्डरच्या. मग गट क्रमांक टाका, नाहीतर नावाने शोधा. आधी जागा लहान करून घ्यायची आणि मग शब्द विचारायचा. अख्ख्या महाराष्ट्रात 'राऊत' शोधलं तर काय हाती लागेल? एका गावात शोधलं तर चारपाच नावं येतील, त्यातलं आपलं ओळखता येतं. स्पेलिंग चुकलं तरी यादी डोळ्यांखालून घालता येते.

म्हणून माझ्यासारख्या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना माझं सांगणं सरळ आहे. फोल्डर लपवू नका. मराठी शोधताना दोन्ही 'ऱ्या' एकच धरा, दोन्ही आकडे एकच धरा, रोमन आणि देवनागरी नावं जवळची माना. हे अशक्य काम नाही. शोधाच्या आधी दोन्ही बाजूंचा मजकूर एका साच्यात आणायचा, एवढंच. आणि काही सापडलं नाही तर कोणत्या जागा पाहिल्या आणि कोणत्या पाहिल्याच नाहीत, तेही सांगा.

सॉफ्टवेअर सुधारेपर्यंत आपण काय करायचं? केंद्रावर आम्ही केलं ते सांगतो. एक, डी ड्राइव्ह इंडेक्सिंगच्या सेटिंगमध्ये जोडला. दोन, एव्हरीथिंग नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं. ते डिस्कवरच्या फाइलींची मुख्य नोंदवहीच थेट वाचतं, त्यामुळे नावं टाइप करता करता समोर येतात. ते नावावरूनच शोधतं, म्हणून तिसरी गोष्ट महत्त्वाची. स्कॅन केल्याकेल्या नाव द्यायचं आणि एकाच पद्धतीने द्यायचं. आधी तारीख, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे यादी आपोआप ओळीत लागते. मग आडनाव, आधार कार्डावर छापलंय त्याच इंग्रजी स्पेलिंगने. मग गाव, मग कागद कोणता ते. चार, ही पद्धत एका कागदावर लिहून मॉनिटरच्या बाजूला चिकटवली. भाच्यासाठी.

काका अजूनही फोल्डरमधूनच जातात. जाऊ द्या, ती त्यांची वाट आहे. भाचा नाव टाइप करतो. दोघं एकाच फाइलवर पोहोचतात आणि समोरच्या माणसाची संध्याकाळची एसटी चुकत नाही.

तुमच्या दुकानात, शाळेत, ऑफिसात फाइली कशा लावता ते नक्की कळवा. विशेषतः कृतिदेवमधली जुनी कागदपत्रं युनिकोडमध्ये आणायचं काम कोणी केलं असेल तर मला त्यांच्याशी बोलायचं आहे, त्यावर एक वेगळा भाग करू. आणि आज एवढं एक करा. डाउनलोड्स उघडा, कामाची एकच फाइल निवडा आणि तिला असं नाव द्या की तुम्ही घरी नसताना घरातल्या दुसऱ्या माणसाला ती सापडेल.

भेटू पुढच्या भागात.