हृदयाचा विसावा



जिना चढतांना धाप लागते, संध्याकाळीं घोटे सुजतात, रात्रीं दोन उशा घेतल्यावांचून झोंप येत नाहीं. आणि आपण म्हणतों, 'वय झालें, चालायचेंच!' ह्या 'चालायचेंच'विरुद्ध दोन शब्द सांगण्यासाठीं मी येथें उभा आहें.

हृदयाचीं कामें दोन. आकुंचन पावून रक्त पुढें लोटणें हें पहिलें; आणि दोन ठोक्यांच्या मध्यें सैल होऊन रक्त भरून घेणें हें दुसरें. पुष्कळ रोग्यांत पहिलें काम शाबूत असतें, परंतु हृदयाची भिंत ताठर झाल्यामुळें दुसरें नीट होत नाहीं. मग रक्त मागें तुंबतें, फुप्फुसांतील दाब वाढतो व श्वास कोंडतो. इकोच्या तपासणींत 'पंपिंग' शेंकडा ५० वा अधिक दिसतें आणि रोगी निर्धास्त होऊन घरीं जातो. परंतु पंपिंग उत्तम म्हणजे हृदय निर्दोष, असें नव्हे. वृद्ध स्त्रियांत हा विकार विशेष आढळतो; दीर्घकाळचा रक्तदाब, मधुमेह व स्थूलता हीं त्याचीं प्रमुख कारणें होत.

उपचार कोणता? लघवी वाढविणाऱ्या औषधानें सूज उतरते व श्वास मोकळा होतो. पण मूळ विकार तेवढ्यानें हटत नाहीं. दुर्बल आकुंचनाच्या हृदयास जीं औषधें तारक ठरलीं, त्यांपैकीं बहुतेकांनीं येथें निराशाच केली. ही कोंडी २०२१ सालीं फुटली. एम्पाग्लिफ्लोझिन हें मुळांत मधुमेहाचें औषध. पंपिंग शेंकडा ४० हून अधिक असलेल्या, २३ देशांतील ५,९८८ रोग्यांवर तें पारखण्यांत आलें. सुमारें २६ महिन्यांत हृदयविकारानें मृत्यु किंवा ह्या दुखण्यासाठीं इस्पितळांत दाखल होणें, ह्यांपैकीं एक प्रसंग औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकीं शेंकडा १७.१ जणांवर आला. औषध घेणाऱ्यांत शेंकडा १३.८ जणांवर. मधुमेह नसलेल्यांसही लाभ झाला. मुख्यतः इस्पितळाच्या खेपा घटल्या. मृत्यु फारसे घटले नाहींत, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. पुढें २०२२ सालीं डापाग्लिफ्लोझिन व २०२४ सालीं फिनेरेनोन ह्यांचाही उपयोग दिसून आला.

तथापि अर्धा उपचार घरींच आहे. रक्तदाब व साखर ताब्यांत ठेवावी. सुकी मासळी, लोणचें, पापड ह्यांतील मीठ विसरूं नये. सोसेल तितकें नित्य चालावें. स्थूल असल्यास वजन उतरवावें. रोज सकाळीं वजन करून लिहून ठेवावें. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढल्यास डॉक्टरांस त्वरित कळवावें. आणि सूज उतरली म्हणून गोळ्या आपल्या मनानें बंद करूं नयेत. पुष्कळांची पुन्हां इस्पितळाची खेप तेथेंच ठरते.

आज घरीं गेल्यावर आपल्या आईस, आजीस एवढेंच विचारा: 'जिना चढतांना थांबावें लागतें काय?' उत्तर 'होय' आल्यास तिला डॉक्टरांकडे न्या. आणि पंपिंग ठीक आहे असें ऐकल्यावर नम्रपणें आणखी एक प्रश्न करा: 'हृदय नीट सैल होऊन भरतें काय?'