इतिहासाचा शिक्षक घडतो कसा?



शाळेत इतिहास हा सर्वांत सोपा विषय समजला जातो. गणिताला शिक्षक नसेल तर पालक तक्रार घेऊन येतात. इतिहासाचा तास मात्र ज्याच्या वेळापत्रकात जागा रिकामी असेल त्याच्याकडे सोपविला जातो. धडा वाचावा, सनावळ्या पाठ करून घ्याव्यात, गाळलेल्या जागा भरून घ्याव्यात, की झाला इतिहास! गेल्या ५० वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतील संशोधकांनी या समजाची कसून तपासणी केली. इतिहासाचा नवा शिक्षक कसा घडतो, किंबहुना घडता घडता कोठे राहून जातो, याविषयी त्यांच्या हाती जे लागले ते विचार करावयास लावणारे आहे.

अमेरिकेतील सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या क्षेत्रात फार नावाजला गेला. १७७५ साली लेक्सिंग्टन येथे झालेल्या चकमकीपासून अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले. त्या चकमकीसंबंधीचे निरनिराळे कागद त्यांनी ८ इतिहासकार आणि ८ शालेय विद्यार्थी यांच्यापुढे ठेवले आणि वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलावयास सांगितले. विद्यार्थी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचत गेले. इतिहासकारांची नजर मात्र आधी कागद कोणाचा, केव्हाचा आणि कोणासाठी लिहिलेला, इकडे वळे. मग एका कागदाची दुसऱ्याशी पडताळणी होई. त्यांपैकी काहींचा अभ्यासविषय अमेरिकेचा इतिहास नव्हताच, तरीही ही रीत सुटली नाही. आणखी एक गंमत अशी की, विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातील उतारा भरवशाचा वाटला, तर इतिहासकारांनी त्याला अगदी खालची जागा दिली.

ज्यांचा जन्म चोपड्यांत गेला त्यांना यात नवल वाटू नये. खतावणीतील आकडा कितीही सुबक अक्षरात असो, रोजमेळ आणि मूळ पावती पाहिल्याखेरीज जाणता मुनीम त्यावर विश्वास ठेवीत नाही. पाठ्यपुस्तक ही इतिहासाची खतावणी होय. कागदपत्रे, नाणी, ताम्रपट, शिलालेख या तिच्या पावत्या. इंग्लंडमध्ये १९७२ साली सुरू झालेल्या ‘स्कूल्स कौन्सिल हिस्टरी प्रोजेक्ट’ने १३ ते १६ वर्षांच्या मुलांच्या हाती या पावत्याच देण्याचे ठरविले. त्यांचा पहिला पाठ एका काल्पनिक तरुणाच्या मृत्यूचा होता. त्याच्या पाकिटात सापडलेल्या किरकोळ कागदांवरून तो कोण, कोठून आला, त्याचे काय झाले असावे, हे मुलांनी शोधावयाचे. डेनिस शेमिल्ट यांनी १९८० साली या प्रकल्पाचे मूल्यमापन प्रसिद्ध केले आणि शाळकरी मुलेही असा विचार करू शकतात, हे दाखवून दिले.

परंतु मुलांना असे शिकविणारा शिक्षक आणावयाचा कोठून? डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली एक मार्मिक मुद्दा मांडला. शालेय शिक्षण पुरे होईपर्यंत विद्यार्थी सुमारे १३ हजार तास शिक्षकांसमोर बसलेला असतो. शिकविणे म्हणजे काय, याची प्रतिमा त्याच्या मनात तेथेच पक्की होते. पुढे प्रशिक्षण महाविद्यालयातील काही महिने तिला सहजासहजी हलवू शकत नाहीत.

येथे मार्गदर्शक शिक्षकाचे काम सुरू होते. कापडाच्या पेढीवरील अनुभवी माणूस ठाणाला बोट लावताच सूत कोणते, पोत कसा, हे सांगतो. शेजारी उभा असलेला नवा मुलगा ते बोट पाहतो. बोटाला काय कळले ते त्याला दिसत नाही. मुरलेल्या शिक्षकाचेही तसेच. सॅली ब्राउन आणि डोनाल्ड मॅकइंटायर यांच्या १९९३ च्या पुस्तकात यावरील उपाय आहे. त्यांनी अनुभवी शिक्षकांना तास संपताच, ‘आज काय चांगले जमले आणि ते कसे जमविले?’ एवढेच विचारले. चुका विचारल्या नाहीत. एरवी ‘सवयीने होते’ म्हणून गप्प राहणारे शिक्षक त्यामुळे आपली युक्ती उलगडून सांगू लागले. छात्राध्यापकांनीही मार्गदर्शकाला असेच विचारावे, अशी पद्धत यातून पुढे आली.

ऑक्सफर्ड विद्यापीठाने १९८७ साली परिसरातील शाळांच्या सहकार्याने अशी योजना सुरू केली; एका विषयाचे दोन छात्राध्यापक एका शाळेत एकाच मार्गदर्शकाकडे. १९९२ साली तेथील सरकारने माध्यमिक शिक्षकांच्या ३६ आठवड्यांच्या प्रशिक्षणापैकी २४ आठवडे शाळेतच घालविण्याचा नियम केला.

आठवडे मिळाले, तरी अडचण संपली नाही. मार्गदर्शक आणि छात्राध्यापक यांच्या संभाषणांचे अभ्यास झाले, तेव्हा बहुतेक वेळ वर्गाच्या शिस्तीत आणि सर्वसाधारण सूचनांत जातो, विषयाची चर्चा थोडकी होते, असे वारंवार आढळले. समजा, छात्राध्यापकाने इंग्लंडवरील १०६६ च्या नॉर्मन स्वारीच्या पाठाला ‘बायू टॅपेस्ट्री’चे चित्र आणले. (नाव टॅपेस्ट्री असले तरी ते विणकाम नव्हे, सुमारे ७० मीटर लांब लिननच्या पट्टीवर लोकरीच्या धाग्याने केलेले भरतकाम आहे. कापडाच्या माणसाने हे सांगितल्यावाचून पुढे जाणे कठीणच!) मुले घोडे मोजतात, ढाली पाहतात, घंटा होते. मग मार्गदर्शक सांगतात, ‘मागच्या बाकांवर गडबड होती, आवाज चढवा, टाचणात वेळेचे विभाजन दाखवा.’ हे सारे खरे आणि आवश्यकही; वर्गच ताब्यात नसेल तर इतिहास कसला? पण हे भरतकाम विजेत्या विल्यमचा सावत्र भाऊ बिशप ओडो याने करवून घेतले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मग हरलेल्या हॅरॉल्डची बाजू यात कितपत असेल, हा प्रश्न वर्गात निघाला का? डोळ्यात बाण लागलेला पुरुष हाच हॅरॉल्ड की त्याच्या शेजारी घोडेस्वाराच्या वाराने पडणारा, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, हे मुलांना कळले का? हे विचारणारा कोणी नसेल, तर शिस्त उत्तम आणि इतिहास शून्य असा शिक्षक तयार होतो, आणि पुढची तीस वर्षे तो तसेच शिकवीत राहतो.

भारतातही २०१४ च्या नियमावलीने बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि शालेय आंतरवासितेसाठी २० आठवडे ठरले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षक-मार्गदर्शनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा पुरस्कार केला. तथापि, ज्या अनुभवी शिक्षकाने छात्राध्यापकाशेजारी बसून पाठाआधी साधने तपासावयाची आणि पाठानंतर त्यांवर बोलावयाचे, त्याच्या तासिका भरलेल्या असतील तर हे बोलणे जिन्यावर, दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत उरकते. शाळा चालविणाऱ्या संस्थांच्या विश्वस्तांनी, जूनमध्ये वेळापत्रक तयार होत असताना, मुख्याध्यापकांकडे एवढी विचारणा करण्यास हरकत नाही, की छात्राध्यापक येतील त्या महिन्यांत त्यांच्या मार्गदर्शकाला आठवड्यातून एक तास मोकळा ठेवला आहे ना?