उष्णतेची वाट



मोटारसायकलच्या सिलिंडरभोवती धातूच्या पातळ चकत्या आपण रोज पाहतो. त्यांची जाडी किती असावी, दोन चकत्यांत अंतर किती ठेवावे, याचे प्रयोग आणि हिशेब पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत दोघेजण करत होते. एक प्राध्यापक ए. एच. गिब्सन, मूळचे जलयांत्रिकीचे. दुसरे सॅम हेरन, तेव्हा पंचविशीतले. इंजिन थंड ठेवण्यात आयुष्य घालवणे म्हणजे काय, हे मला हेरन यांच्या कारकिर्दीत सगळ्यांत स्वच्छ दिसते.

त्या काळी हवेने थंड होणारी अनेक विमान-इंजिने वारा लागावा म्हणून अख्खीच्या अख्खी पंख्याबरोबर फिरत. म्हणजे सगळा भर वाऱ्यावर. पण उष्णता तयार होते आत. ती आधी धातूतून बाहेरच्या चकत्यांपर्यंत आली पाहिजे, तरच वारा तिला नेणार. बिडाच्या हेडमध्ये ती अडून राही. गिब्सन आणि हेरन यांनी पोलादी सिलिंडरवर ॲल्युमिनियमचे हेड बसवले. ॲल्युमिनियम उष्णता बिडापेक्षा कितीतरी सहज वाहून नेते.

1921 मध्ये हेरन अमेरिकेत गेले, ओहायोतल्या डेटनजवळच्या मॅककुक फील्डवर. तिथे त्यांनी एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा प्रश्न हाती घेतला, आणि मला त्यांचे हे काम सर्वांत मोठे वाटते. जळालेला वायू याच व्हॉल्व्हला घासून बाहेर पडतो. व्हॉल्व्हचे डोके लालभडक होते, पण त्याला ना वारा लागतो ना पाणी. त्याची उष्णता जायची तर बैठकीतून, नाहीतर बारीक दांड्यातून. हेरन यांनी दांडा पोकळ केला आणि आत द्रव भरून पाहिला. पारा फसला: तो पोलादाला नीट चिकटत नाही आणि 357 अंश सेल्सिअसलाच उकळतो. मग वितळणारे क्षार झाले, शेवटी सोडियम. सोडियम 98 अंशांना वितळते आणि उकळायला 883 अंश लागतात. पोकळी पूर्ण भरायची नाही. व्हॉल्व्ह वरखाली होताना पातळ सोडियम आत हिंदकळते, डोक्याकडची उष्णता उचलते आणि दांड्याकडे आणून सोडते. एकही नळी नाही, पंप नाही. मला ही रचना आजही थक्क करते.

1926 मध्ये ते राइट एरोनॉटिकल कंपनीत गेले. पुढच्याच वर्षी, मे 1927 मध्ये, वैमानिक लिंडबर्ग एकट्याने उडत न्यूयॉर्कहून पॅरिसला पोहोचला. त्या साडेतेहतीस तासांत त्याच्या विमानाचे राइट कंपनीचे व्हर्लविंड इंजिन एकदाही थांबले नाही. त्यातल्या सिलिंडरांमागे हेरन यांचे काम होते. पुढे ते इंधनाकडे वळले, इथिल कॉर्पोरेशनमध्ये गेले. मला हा विषयबदल वाटत नाही. चकत्या, हेड, व्हॉल्व्ह आणि मग ज्वलन: उष्णतेचा माग काढत माणूस तिच्या उगमापर्यंत गेला.

आजच्या जेट इंजिनात हेच काम टर्बाइनच्या पात्यांपाशी चालते. भोवतालचा वायू पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूहून तप्त असतो, म्हणून पाती पोकळ करून आतून हवा खेळवतात आणि बारीक छिद्रांतून तिचा थर पात्यावर पसरवतात. ही हवा कॉम्प्रेसरमधून काढून घ्यावी लागते. ती दाबण्यात शक्ती आधीच खर्चलेली असते, त्यामुळे जास्त घेतली तर इंजिनाची कार्यक्षमता घटते आणि कमी घेतली तर पाते जळते. शीतकरणाचे गणित मांडणाऱ्या अभियंत्याची सारी नोकरी या दोन टोकांमधल्या अरुंद पट्ट्यात जाते.